घर, डोंगा आणि माझे जुने यकृत

मी, तुलाराम मोतीराम मारबते, वय सत्तेचाळीस, धंदा तलावातील मासेमारी व थोडी धानाची शेती, राहणार कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आज लिहिण्याचा चौथा दिवस. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे पेन धरून ठेवत नाहीत, अर्ध्या पानावर पेन निसटतो. अक्षर वाकडे आहे ते त्यामुळे. मन ठिकाणावर आहे. मच्छीमार संस्थेचा सचिव म्हणून मी अकरा वर्षे ठराव लिहिले, त्यामुळे कागदावर काय लिहावे आणि काय नाही हे मला कळते. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. डॉक्टरांनी "भीती वाटते का?" असे विचारले तेव्हा मी "वाटते" असे सांगितले व त्यांनी ते लिहून घेतले. घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र चालत नाही असे कायद्यात नाही, याची मी वकीलसाहेबांकडून खात्री करून घेतली आहे. यापूर्वी मी असा कोणताही कागद केलेला नाही.

१. हे आताच का लिहितो

येत्या अठरा तारखेला नागपूरच्या दवाखान्यात माझे यकृत काढतील आणि माझी पत्नी ज्योत्सना हिच्या यकृताचा मोठा भाग मला बसवतील. आम्हा दोघांना एकाच दिवशी, शेजारशेजारच्या खोल्यांत भूल देतील. आधी तिला. घरी दोन मुली आणि माझी सत्तरीची आई. दोघे परत येऊ असे कोणी लिहून देत नाही, उलट आमच्याकडूनच लिहून घेतले आहे.

माझे यकृत दारूने गेलेले नाही. गावात तसे बोलतात म्हणून नोंदवतो, मी आयुष्यात थेंब घेतला नाही. यकृत तसे ठणठणीत आहे. फक्त ते जन्मापासून एक प्रथिन चुकीचे बनवते आणि ते प्रथिन वर्षानुवर्षे नसांवर साचत जाते. आधी पाय जातात, मग हात, मग पोट, पुढे हृदय. हे वंशातून उतरते. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. नागपूरच्या नसांच्या डॉक्टर मॅडमनी मला सांगितले, "कारखाना बदलला की नवा खराब माल बनणं बंद होईल. पण जो आधीच नसांवर बसला आहे तो निघेलच, असं मी सांगणार नाही." म्हणजे एवढे सगळे करून माझे पाय आहेत तसेच राहतील, पुढचे जाणे थांबेल. नवी औषधेही निघाली आहेत म्हणतात, पण ती आमच्या हाताला लागण्यासारखी नाहीत.

२. माझ्या वडिलांविषयी

माझे वडील मोतीराम यांना महारोग झालेला नव्हता. ही गोष्ट मालमत्तेत मोडत नाही, तरी मालमत्तेच्या आधी लिहितो.

ते पंचेचाळीसचे असताना त्यांचा पाय चुलीतल्या निखाऱ्यावर पडला आणि त्यांना कळले नाही. वास आला तेव्हा आईने पाहिले. दवाखान्यात तपासणी झाली. चट्टा नव्हता, जंतू सापडले नाहीत, डॉक्टरांनी तसे लिहूनही दिले. पण बधिर पाय म्हणजे महारोग, हे गावाने ठरवूनच टाकले होते. तेव्हा तलावातली मासळी उचलणारे ठेकेदार केशवराव अड्याळच्या बाजारात म्हणाले, "त्याच्या हातची मच्छी कोन घेईन?" एवढ्यावर संस्थेने वडिलांचे नाव सभासद रजिस्टरातून कमी केले. त्यांच्या डोंग्यात कोणी बसेना. शेवटची चार वर्षे ते तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, झोपडीत राहिले. मी सतरा वर्षांचा असताना ते तिथेच गेले. शेवटी त्यांच्या पोटात अन्न राहत नव्हते आणि उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडत. हीच लक्षणे आज माझ्या कागदांवर छापील अक्षरांत आहेत.

माझ्या आजाराचे नाव लागल्यावर मी आईला, बायाबाईला, समोर बसवून सांगितले. म्हटले, माय, बाबाले महारोग नव्हता, माझंच दुखणं होतं. कोणाले लागत नाही ते. ती म्हणाली,

"मंग मी त्याईचं ताट येगळं काहून ठेवलं?"

वडिलांची जर्मनची (ॲल्युमिनियमची) थाळी तिने तीस वर्षे माळ्यावर ठेवली होती. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः त्या थाळीत जेवते. तिला त्यावरून कोणी काही बोलू नये, थाळी बदलून देऊ नये. माझ्या माघारी आईचा सांभाळ ज्योत्सनाने व छोटूने मिळून करावा.

वडिलांचे नाव रजिस्टरात परत लावावे असा अर्ज मी ऑगस्टमध्ये संस्थेला दिला आहे. त्याची पोच लोखंडी पेटीत, रेशनकार्डाच्या खाली आहे. मी राहिलो नाही तर छोटूने पाठपुरावा करावा. मेलेल्या माणसाला सभासद करता येत नाही असे आताचे सचिव म्हणतील. त्यांना सांगावे की सभासद करू नका, कमी केल्याचा ठराव चुकीचा होता एवढाच नवा ठराव करा. मसुदा मी लिहून ठेवला आहे.

३. घर

कोंढा येथील घरकुलाचे घर, मागचा कोठा आणि अंगणातील सीताफळाच्या झाडासह, माझ्या पश्चात पूर्णपणे ज्योत्सनाचे. तिच्या हयातीत कोणीही वाटणी मागू नये. न्हाणीघराच्या भिंतीला मी लोखंडी दांडा बसवला आहे, तो काढू नये. घरात त्याची गरज माझ्यापाशीच संपेल असे मला खात्रीने लिहिता येत नाही.

४. डोंगा, जाळी आणि माझा भाऊ

माझा डोंगा, दोन फेकजाळी, एक लांब जाळे, जाळे विणायच्या सुया व शिशाच्या गोळ्यांची पिशवी ही सर्व माझा धाकटा भाऊ छोटू याला आजच दिली, मरणाची वाट न पाहता. नवे यकृत अंगाने नाकारू नये म्हणून आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या गोळ्यांनी अंगाची रोगाशी लढायची ताकद कमी होते. डॉक्टरांनी तलावाच्या पाण्यात उतरायला मनाई केली आहे. म्हणजे मी वाचलो तरी मासेमार म्हणून संपलो. मला मरळ आणि झिंगे पकडण्याशिवाय काही येत नाही. पुढे दिवसभर काय करायचे, हा विचार मला मरणाच्या विचारापेक्षा जास्त वेळ धरून बसतो.

छोटूविषयी लिहिणे मला जड जाते. यकृत देण्यासाठी सगळ्यांत आधी तोच पुढे आला. मी तर माझे दुखणे दोन वर्षे घरातही लपवले होते. शिंपल्याने पाय कापला आणि घरभर रक्ताची पावले उमटली तेव्हा ज्योत्सनाला कळले. छोटूने एका दिवसात होकार दिला. रक्तगट जुळला. तो खूश होऊन म्हणाला, "दादा, आता तू काई घोर करू नको. माझं अर्धं तुह्यं." भाऊ असल्यामुळे त्याचीही वंशाची तपासणी करावी लागली. अहवाल आला. त्याच्यातही तोच दोष निघाला. त्याला काहीही होत नव्हते, तो दिवसभर डोंगा वल्हवत होता.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "मी तुले द्यायले आलो होतो दादा. अन् मीच घेऊन चाललो."

त्यानंतर तो दीड महिना माझ्याशी बोलला नाही. मी आजारी पडलो नसतो तर त्याला आणखी सहा-सात वर्षे कळले नसते, ती वर्षे मी त्याची खाल्ली, असे मला वाटत राहिले. मॅडम म्हणतात, लवकर कळले म्हणून त्याचे पाय वाचवता येतील. दोन्ही खरे असेल. पोळ्याला तो स्वतः घरी आला, काही न बोलता माझा डोंगा उलटा करून त्याला डांबर लावू लागला.

छोटूला अट एकच. त्याने अनवाणी पाण्यात उतरू नये. रबरी बूट घालावे, आणि रोज संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेवून तळपाय पाहावे. दर सहा महिन्यांनी नागपूरला जावे. "काही होत नाही" असे म्हणून एकही फेरी चुकवू नये. मीही असेच म्हणत होतो.

५. शेत

तलावाखालच्या दोन बांद्या, म्हणजे धानाची खाचरे, वडिलोपार्जित, त्यात माझा व छोटूचा निम्मा-निम्मा हिस्सा. माझा हिस्सा मोना व हर्षा या दोन्ही मुलींना सारखा. यंदाचा धान उभा आहे, कापणी नेमकी दवाखान्याच्या आठवड्यात येते. ज्योत्सनाचे भाऊ धनंजय दिघोरे यांनी मजूर सांगून ठेवले आहेत. पाऊस आला तर कापलेला धान बांदीत पडू देऊ नये. मला भूल दिलेली असेल तेव्हा कोणी आभाळाकडे पाहील का, हा घोर आहे. हसू नये.

६. माझे जुने यकृत

ही वस्तू मृत्युपत्रात येते की नाही हे वकीलसाहेबांनाही सांगता आले नाही. दवाखान्याच्या संमतीपत्रावर मी वेगळी सही केली आहे. तरी इथे लिहितो.

माझे काढलेले यकृत फेकून देणार नाहीत. ते दुसऱ्या एका रुग्णाला बसवणार आहेत. तो माणूस चौसष्ट वर्षांचा आहे, त्याच्या यकृतात कर्करोग आहे, त्याला देणारा कोणी नाही आणि त्याच्याजवळ थोडे महिने आहेत. एवढेच मला सांगितले. नाव सांगत नाहीत, गाव सांगत नाहीत.

ऐकल्याबरोबर मी मॅडमना म्हटले, "जे माझ्या बापाले खाल्लं, ते मी दुसऱ्याच्या पोटात घालू?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यात ते जन्मापासून साचत आलं. त्यांच्यात उद्यापासून साचायला लागेल. त्रास व्हायला दहा वर्षं लागतील, कदाचित जास्त, कधी त्याहून कमीही. त्यांना हे सगळं सांगितलं आहे. त्यांनी विचार करून होकार दिला."

मी घरी आलो. चार दिवस जेवण गेले नाही. ज्योत्सना म्हणाली, "त्याईले सांगतलं ना? त्याईनं व्हय म्हटलं ना? मंग तुमी कायले जीव जाळून राहिले? त्याईले नातवाचं लगन पाह्यचं असन."

मी सही केली. पण मन मोकळे झालेले नाही. म्हणून त्या माणसासाठी एक पत्र लिहून मॅडमजवळ दिले आहे. योग्य वाटेल तेव्हा त्या देतील. त्यात मी आजार कसा सुरू होतो ते पुस्तकातले नाही, माझे लिहिले आहे: सुरुवातीला मुंग्या येतीलच असे नाही. पायातली चप्पल मागे राहून जाते आणि दहा पावलांनी कळते. अंघोळीचे पाणी एका पायाला गरम आणि दुसऱ्याला कोमट लागते. शर्टाची वरची गुंडी लागत नाही. असे काही झाले तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका, लाजू नका, त्याच दिवशी दाखवा. माझ्या वारसांपैकी कोणीही त्या माणसाचा शोध घेऊ नये. तो स्वतः आला तर त्याला पाटावर बसवून जेवू घालावे.

७. माझी मोठी मुलगी मोना

मोना वीस वर्षांची आहे, भंडाऱ्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने अजून तपासणी केलेली नाही. छोटूचा अहवाल आला त्या आठवड्यात मी तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवून शपथ घातली, की घरातला हा आजार बाहेर कोणालाही सांगायचा नाही. महिन्याभराने आंबागडकडची सोयरीक आली. मुलगा नोकरीवाला, माणसे चांगली. चहा झाला. मुलाच्या आईने मोनाला विचारले, "बाबाच्या हाताले काय झालं वं?" मी "काही नाही, लचक" असे म्हणणार, तेवढ्यात मोना म्हणाली,

"बाबाले नसाईचा आजार हाये, वंशातला. मले हाये का नाही, मले माहीत नाही. मी तपासलं नाही अजून."

पाहुण्यांनी चहा संपवला आणि ते गेले. निरोप आला नाही. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. माझी शपथ मोडलीस, माझ्या जीवावर उठलीस, असेही बोललो. ती रडली नाही. म्हणाली, "तुमी दोन वर्षं लपवलं बाबा, तं तुमचे पाय गेले. आजोबाले काय झालं ते कोनाले माहीत नव्हतं, तं त्याईले पाळीवर ठेवलं. मी काहून लपवू?"

मी तिला घातलेली शपथ या कागदाने परत घेतो. तपासणी करायची की नाही, कधी करायची, कोणाला सांगायची, हे फक्त मोनाने ठरवावे. तिच्या आईने, काकाने, मामाने, उद्या होणाऱ्या सासरच्यांनी यात शब्द बोलू नये. तिला मी दिलेला हिस्सा कोणत्याही अहवालावर अवलंबून नाही. मात्र बाप म्हणून एक सांगतो, सक्ती म्हणून नाही: पोरी, तिशीच्या आत एकदा पाहून घे. मला रोज तुझ्या पायांकडे पाहायची सवय लागली आहे. तू दारातून आत येतेस तेव्हा मी आधी तुझी चाल पाहतो, मग तोंड. हे तुला कळले आहे, हेही मला माहीत आहे. माफ कर.

८. माझी धाकटी मुलगी हर्षा

हर्षा पंधरा वर्षांची आहे. तिची आई हयात असेल तर तीच पालक. आम्ही दोघेही परतलो नाही तर धनंजय दिघोरे व त्यांची पत्नी साधना यांना मी पालक नेमतो. त्यांनी तिची शाळा बदलू नये. तिला आजाराचे नाव माहीत आहे, निम्म्या शक्यतेचे माहीत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर मोनाने तिला सांगावे. इतर कोणी नाही.

९. केशवराव ठेकेदार

केशवराव आता ऐंशीचे आहेत. माझ्या ऑपरेशनचे ऐकून ते गेल्या महिन्यात रिक्षाने घरी आले होते. ओसरीत बसले. ज्योत्सनाने पाणी दिले. त्यांनी तांब्या हातात धरला, प्यायले नाही, विचारले, "खरंच लागत नाही ना हे, तुलाराम?"

मी म्हणालो, "नाही लागत. तेव्हाही नव्हतं लागत."

ते पाणी प्यायले. खाली बघत म्हणाले, "मी बजारात एकच गोष्ट बोललो होतो." एका गोष्टीने काय होते हे त्यांना आता समजावण्यात अर्थ नव्हता, आणि माफ केले असे म्हणायला माझी जीभ वळली नाही. अजूनही वळत नाही. माझ्या मयतीला ते आले तर त्यांना खुर्ची द्यावी. भाषण करू देऊ नये.

१०. व्यवस्था

या मृत्युपत्राची अंमलबजावणी धनंजय दिघोरे यांनी करावी. दवाखान्याच्या सर्व फाइली मोनाजवळ राहतील, रद्दीत जाऊ नयेत. आमच्या घराण्यात पुढे कोणाचाही पाय बधिर झाला तर त्याने पहिल्या दिवशी त्या फाइली घेऊन डॉक्टरकडे जावे. माझे डोळे द्यावे. ते चांगले आहेत, असे मॅडम म्हणाल्या.

११. [हे कलम मी स्वतःच्या हाताने खोडले आहे. तुलाराम मारबते]

खोडल्याचे कारण साक्षीदारांसमोर नोंदवतो, म्हणजे पुढे कोणी शंका घेणार नाही.

मी वाचलो आणि ज्योत्सना वाचली नाही तर काय, हे या कलमात लिहायचे होते. चारही दिवस मी त्यावरच अडलो. रुग्णालयाच्या समितीपुढे तिची चौकशी झाली तेव्हा मी बाहेर बाकड्यावर होतो, दार अर्धे उघडे होते. साहेबांनी तिला विचारले, "तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का? हे स्वतःच्या मर्जीनं करता का?" ती म्हणाली, "लगन बापाच्या मर्जीनं झालं साहेब. हे माझ्या मर्जीनं हाये." आतले सगळे हसले. मला हसू आले नाही. ती चांगली धडधाकट बाई, अड्याळच्या बाजारात डोक्यावर टोपले घेऊन चालत जाणारी. तिला काहीही झालेले नाही आणि माझ्यासाठी तिचे पोट उघडणार आहेत. तिला काही झाले तर तिचे यकृत माझ्या पोटात घेऊन मी मुलींसमोर कसा बसू? मी कलमात लिहिले होते, की ऑपरेशनमध्ये तिला थोडाही धोका दिसला तर डॉक्टरांनी तिथेच थांबावे, माझा विचार करू नये, आणि ती गेलीच तर माझ्या नावावर काहीही राहू नये, जगण्याचा खर्चसुद्धा.

आज दुपारी साक्षीदार येण्याआधी ज्योत्सनाने कागद मागितला. ती सहावी शिकलेली आहे, बोट ठेवून सावकाश वाचते. अकराव्या कलमावर तिचे बोट थांबले. तिने पेन माझ्या हातात दिला आणि माझी बोटे स्वतःच्या मुठीत धरली, कारण मला एकट्याला रेघ सरळ मारता येत नाही.

"खोडा हे," ती म्हणाली. "धोका दिसला तं थांबाचं, हे डाक्टराईले तुमच्याहून जास्त समजते."

मी म्हटले, "अन् तुह्यं? तू बी एक मृत्युपत्र लिहून ठेव ना. कायद्यानं बरं असते."

"मी कायले लिहू? मले जे द्याचं हाये ते मी जित्तेपणीच देऊन राहिली."

आम्ही दोघांनी मिळून ती रेघ मारली.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही केले आहे. खोडलेल्या कलमाखालीही माझी सही आहे. ती याहून वाकडी आहे, पण माझीच आहे.

(सही) तुलाराम मोतीराम मारबते

साक्षीदार:

१. (सही) शकुंतलाबाई वासुदेव भुरे, आशा सेविका, कोंढा. तुलारामभाऊंनी माझ्यासमोर सही केली. पेन दोनदा पडला, तिसऱ्यांदा सही झाली.

२. (सही) कमलेश नत्थूजी बावणे, पोस्टमन, राहणार अड्याळ. माझ्यासमोर सही झाली.

स्थळ: कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५